सहा विती, आठ बोटं

बाराच्या ठोक्याला मी दफ्तरखान्याचं दार ओढलं, तर फटीत एक बूट आला. ओला, चिखलाने माखलेला, आणि कोलंबियातल्या आमच्या पोपायानमध्ये कुणाच्याही पायाला होणार नाही एवढा मोठा.

"माफ करा," बुटाच्या बऱ्याच वरून आवाज आला. "मी फार लांबून आलोय."

"मग आणखी दोन तासांनी काय बिघडतं?" मी म्हटलं. "दोनला उघडतो आम्ही."

"आणि तोवर?"

"तोवर जेवतात. तुमच्याकडे जेवत नाहीत?"

बूट मागे गेला. मी कुलूप घातलं, छत्री उघडली आणि मागे वळून न बघता घर गाठलं. सूप प्यायले, बाबांशी थोडा वाद घातला, दहा मिनिटं आडवी झाले. दोनला परत येते तर गृहस्थ तिथेच. वळचणीखाली पाठ भिंतीला चिकटवून उभे, बॅग पोटाशी धरलेली. बॅग कोरडी होती, माणूस नखशिखांत भिजला होता. मला बघून असा हसला, जणू मी परत आले हे माझे उपकारच.

मला लाज वाटली. आणि मग रागही आला, कारण ज्यांच्यामुळे लाज वाटते अशी माणसं मला आवडत नाहीत.

"कॅफे आहे की कोपऱ्यावर," मी म्हटलं.

"असेल... पण तुम्ही दोनच्या आधी आला असतात तर?"

सहा वर्षांच्या नोकरीत दोनच्या आधी मी एकदाही आले नव्हते. हे मी त्याला सांगितलं नाही. पिशवीत संध्याकाळसाठी ठेवलेल्या दोन एम्पानादा होत्या, बटाटा-शेंगदाण्याच्या तळलेल्या करंज्या, त्यातली एक दिली. एवढ्या आनंदाने खाल्ली की मी दुसरीही दिली. तिथेच खरं तर मला शहाणपण सुचायला हवं होतं.

अमेरिकन इतिहासकार मला काही नवे नव्हते. दरवर्षी जूनमध्ये येतात, ऑगस्टमध्ये जातात. त्यांचा स्वतःच्या देशाचा इतिहास लवकर वाचून होत असावा, म्हणून मग दुसऱ्यांचा घेतात. नळाचं पाणी पीत नाहीत, सगळे तेच चार गठ्ठे मागतात, आणि आपल्याच गावाबद्दल आपल्याला काहीतरी नवीन सांगून जातात. माझ्या वरिष्ठ, लिहियाबाई, त्यांना 'पावसाळी पाहुणे' म्हणायच्या.

हा मात्र ऑक्टोबरात आला होता, अख्ख्या वर्षासाठी. लायल ऑस्टबी. गाव नेब्रास्कात, जिथे म्हणे क्षितिजापर्यंत मका असतो आणि क्षितिजापलीकडे पुन्हा मका. आमच्या डोंगरातल्या सोन्याच्या खाणींत राबवलेल्या गुलामांवर तो पुस्तक लिहीत होता.

"तुम्हाला काय पडलंय आमच्या खाणींचं?" मी एकदा विचारलंच.

त्याने पेन्सिल खाली ठेवली. (पेनाला आमच्याकडे बंदी. रोज सकाळी त्याच्या खिशातलं पेन काढून घ्यायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मी लिहियाबाईंना कधी करू दिलं नाही.)

"कॉलेजात असताना एक यादी वाचली होती," तो म्हणाला. "नुसती नावं. आडनाव नाही, गाव नाही, पुढे काय झालं ते नाही. मला वाटलं, कुणीतरी चौकशी करायला हवी."

"नेब्रास्काहून?"

"दुसरं कुणी निघालेलं दिसत नव्हतं."

"आमची माणसं दमलेली असतात, मिस्टर."

"माहीत आहे. म्हणून मीच आलो," तो म्हणाला, आणि एवढा भाबडा हसला की टोमणा माझा मलाच गिळावा लागला.

जुन्या कारकुनांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. वाचायला मी शिकवलं. एकाच कागदावर दोन डोकी वाकली की खांदा खांद्याला लागतो, त्याला कुणाचा इलाज नाही. नाताळपर्यंत तो माझ्याइतकं सराईत वाचायला लागला होता, तरी दिवसातून चारदा हाक यायचीच.

"सेन्योरिता नोहेमी, हा शब्द काय असेल?"

"हा तुम्हाला काल येत होता."

"काल येत होता. आज... गेला."

"कुठे गेला?"

"तुम्ही जवळ आलात की जातो."

हे त्याने मान वर न करता म्हटलं, आणि त्याचे कान लाल झाले. पलीकडच्या टेबलावरून लिहियाबाई खाकरल्या. दिवसभर खाकरतच होत्या.

जानेवारीतली दुपार. बाहेर पाऊस, आत फक्त आम्ही दोघं. त्याने हाक मारली ती नेहमीची नव्हती. गेले, तर त्याच्यासमोर एक सुटा कागद होता. कुठल्या वहीतून निसटलेला कोण जाणे. अक्षर अडीचशे वर्षांपूर्वीचं, पण तारीख नाही, मथळा नाही. सोळा नावं, फक्त नावं, आणि प्रत्येकापुढे माप. सहा विती, सात बोटं. सहा विती, आठ बोटं. सहा विती, आठ बोटं...

"बोटीतून गुलाम उतरवले की त्यांची उंची मोजायचे," तो हळू बोलत होता. "वितींनी. त्यावर कर ठरायचा. मोठा माणूस सात विती तरी भरायचाच. इथे बघा... सोळातला एकही सातला पोचत नाही." त्याने हात स्वतःच्या छातीशी धरून उंची दाखवली. "एवढे. ही मुलं होती, नोहेमी. बारा-तेरा वर्षांची. सोळा मुलं चोरून आणली कुणीतरी, आणि त्यांच्याबद्दल जगात एवढा एकच कागद आहे."

त्याने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिला, बराच वेळ, चष्मा ओला नसताना. आयुष्यात पहिल्यांदाच तो मला नुसतं 'नोहेमी' म्हणाला होता आणि त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मक्याच्या शेतातून आलेला एक माणूस अडीचशे वर्षांपूर्वीच्या सोळा पोरांसाठी आमच्या ओलसर खोलीत बसून रडत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात परत घेतला तो फक्त कागदावर पाऊस गळू नये म्हणून खिडकी लावायला. त्या दुपारी मी कामातून गेले, ती कायमची.

सहा आठवड्यांत त्याने त्या कागदावर लेख लिहिला. एका मोठ्या मासिकाने तो घेतलाही. वसंतात त्याच्या विद्यापीठाची समिती बसणार होती, त्याला कायम करायचं की नाही ते ठरवायला. "सगळ्यांना हा लेख हवाय," तो म्हणाला. "आला, की मी कायम."

"आणि नाही आला तर?"

"तर मका आहेच."

हसत म्हणाला. मीही हसले. तो कायम झाला काय आणि न झाला काय, जूनमध्ये जाणारच होता, आणि मी जून या महिन्याचा विचार करायचं सोडून दिलं होतं.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा सुतार. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात आमच्या गावात मूर्तींच्या मिरवणुका निघतात, त्यातल्या दोन मूर्तींचे लाकडी मंच बाबांच्या ताब्यात. एकेका मंचाला आठ खांदेकरी लागतात, चार पुढे, चार मागे. स्वतः बाबांनी एकतीस वर्षं खांदा दिलाय. उजव्या खांद्यावर लिंबाएवढी गाठ आहे, ती ते पाहुण्यांना मेडलसारखी दाखवतात. खांदेकरी सारखेच असावे लागतात, नाहीतर जो बोटभर उंच त्याच्यावर सगळं ओझं येतं. म्हणून दरवर्षी उपवासांच्या दिवसांत बाबा त्यांना कारखान्यात बोलावतात आणि मोजतात. टेपवर त्यांचा विश्वास नाही. काठीवर वितीच्या खुणा आहेत, त्यांच्या आजोबांच्या आजोबांपासूनच्या. बाबा आकडा ओरडतात आणि मी वहीत लिहिते. दहा वर्षांची असल्यापासून लिहितेय.

त्या गुरुवारीही लिहीत होते. मन दुसरीकडेच.

"हुवेनाल!" बाबांनी काठी लावली. "सहा विती, आठ बोटं."

लिहिलं.

"लिबार्दो! सरळ उभा राहा रे, लग्नाला उभा असल्यासारखा. सहा, आठ. वा, जोडी जमली."

लिहिलं. आणि पेन्सिल तिथेच थांबली.

हुवेनाल चांगला धिप्पाड गडी. दारातून वाकून आत येतो. सहा विती, आठ बोटं... कारण बाबा माणूस डोक्यापर्यंत मोजतच नाहीत. जमिनीपासून खांद्यापर्यंत मोजतात.

मी वहीची मागच्या वर्षांची पानं उलटली. नुसती नावं. आडनावं कधी लिहिलीच नाहीत, सगळे सगळ्यांना ओळखतात. आकडे जोडीजोडीने. आठ आणि आठ. दोन मंच.

सोळा.

"काय झालं?" बाबा म्हणाले. "भूत बघितलंस?"

एका अर्थी बघितलंच होतं.

शुक्रवारी मी लिहियाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी कॉफी संपवली, कप पालथा घातला, मग बोलल्या.

"छापून येऊ दे."

"बाई!"

"येऊ दे म्हणते ना. नोकरी पक्की होऊ दे त्याची. पन्नास वर्षांनी दुसरा कुणी नेब्रास्कावाला येईल आणि चूक काढेल. त्यांचा धंदाच तो आहे, एकमेकांच्या चुका काढायचा. तू कशाला त्याच्या पोटावर पाय देतेस?"

"आणि ती सोळा माणसं? रात्रभर अख्ख्या गावादेखत मान ताठ ठेवून मूर्ती वाहिली त्यांनी. बाबांसारखी माणसं ती. पुस्तकात जन्मभर रडकी पोरं म्हणून राहायचं त्यांनी?"

"ती मेली आहेत, पोरी. तू जिवंत आहेस." बाईंचा आवाज उतरला. "सांगितलंस तर तो उद्याच बॅग भरेल. चूक दाखवणाऱ्या बाईवर प्रेम करणारा पुरुष मी तरी अजून पाहिला नाही. माझा नवरा तर त्याने केलेल्या सूपात मीठ कमी आहे म्हटलं तरी दोन दिवस बोलत नसे."

मी रडले नाही. पण त्या दिवशी त्याचं पेन परत द्यायला विसरले, आणि तोही मागायला विसरला. जाताना दारात रेंगाळला.

"उद्या शनिवार," तो म्हणाला. "तुम्ही काय करता शनिवारी?"

"बाबांना मदत." मी श्वास घेतला. "या. वहीत आकडे लिहायला माणूस हवाय."

"मला बोलावताय? घरी?"

"कारखान्यात," मी म्हटलं. "फार खूश होऊ नका."

तो झालाच. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून आला, बाबांना वाकून नमस्कार केला, खांद्यावरची गाठ बघून हवी तेवढी थक्क मुद्रा केली. दुसऱ्या मंचाची आठ माणसं भिंतीला लागून उभी होती, त्याची उंची बघून आपसात खुसखुसत होती. एकजण म्हणालाच, "मिस्टरना एकट्यालाच द्या मंच, आम्ही घरी जातो." मी वही त्याच्या हातात दिली. पेन्सिल दिली. सांगितलं काहीच नाही. मला ते तोंडाने सांगता येत नव्हतं, एवढंच खरं.

"आर्सेसियो!" बाबा ओरडले. "सहा विती, सात बोटं."

त्याने हसत लिहिलं.

"देमेत्रियो! सहा, सात."

लिहिलं.

"नाबोर! सहा विती, आठ बोटं."

लिहिलं... आणि मग हसू हळूहळू ओसरत गेलं. त्याने वहीकडे बघितलं. नाबोरकडे बघितलं, ज्याच्या मिशा पिकल्या होत्या. बाबांच्या काठीकडे बघितलं, तिचं टोक कुठे टेकलंय तिकडे. सगळ्यात शेवटी माझ्याकडे.

बाकीची पाच नावं त्याने नीट लिहिली. अक्षरही बिघडू दिलं नाही. मग वही मिटून बाबांच्या हातात दिली, म्हणाला, "मला क्षमा करा, मला जायला हवं," आणि छत्री न घेता पावसात निघून गेला.

"काय झालं त्याला?" बाबा म्हणाले. "खाल्लंसुद्धा नाही काही."

सोमवारी तो दफ्तरखान्यात आला नाही. मंगळवारीही नाही. त्याच्या टेबलावर दुसरं कुणी बसू नये म्हणून मी तिथे गठ्ठे रचून ठेवले. लिहियाबाई खाकरल्या नाहीत, ते जास्तच लागलं. मला वाटत होतं, दाखवून दिलं ते बरोबरच केलं. आणि बरोबर वागल्याचं समाधान किती निरुपयोगी असतं, तेही दोन दिवस पुरेपूर कळत होतं.

बुधवारी जेवायला घरी आले तर कारखान्यातून बाबांचा आवाज येत होता. डोकावले. लायल जमिनीवर भुशात बसलेला, मांडीवर वही, केसांत लाकडाचा कीस.

"सकाळी आठपासून प्रश्न विचारतोय हा," बाबा म्हणाले. कुरकुर करत होते, पण चेहरा खुलला होता. "माझं एक दांडकं घासून झालं नाही. एकतीस वर्षांत मला कुणी एवढं विचारलं नाही. माझ्या मुलीनेसुद्धा."

लायलने माझ्याकडे बघितलं नाही. जेवायला मात्र थांबला. सूप दोनदा घेतलं. दोनला मी निघाले तर तोही निघाला, आणि पाऊस भुरभुरत असल्याने एकाच छत्रीत चालावं लागलं. छत्री माझ्या हातात होती, त्यामुळे तो मान वाकडी करून चालत होता. आम्ही पुलावर आलो.

"लेख मागे घेतला," तो म्हणाला. "सोमवारी कळवलं. समितीलाही."

"मग?"

"समितीचं उत्तर आलं. फार सभ्य आहे." तो जरासा हसला. "एवढं सभ्य उत्तर म्हणजे नकार."

माझे पाय थांबले. "मी तुमचं वाटोळं केलं."

"नोहेमी, ऐका. दोन महिने मी त्या मुलांना घेऊन फिरत होतो. सोळाजणांना मी चेहरे दिले होते. एकाला तर माझ्या धाकट्या भावाचा. आणि शनिवारी कळलं, ती मुलं नव्हतीच. त्यांना कुणी चोरलं नाही, बोटीत कोंबलं नाही. मिशावाले बाप्ये होते, एकमेकांची चेष्टा करत रांगेत उभे होते. एवढी चांगली बातमी मला आयुष्यात कुणी दिलेली नाही. नोकरी गेली ती वेगळी गोष्ट."

"मग दोन दिवस होतात कुठे?"

"रुसलो होतो. खोटं कशाला बोलू."

"कुणावर?"

"पहिला दिवस स्वतःवर. अडीचशे वर्षं जुना कागद वाचता येतो आणि पलीकडच्या गल्लीत काय चाललंय ते दिसत नाही, असला मी इतिहासकार." तो थांबला. "दुसरा दिवस तुमच्यावर. वही मुद्दाम माझ्याच हातात दिलीत. तुम्हाला आधीच माहीत होतं."

"गुरुवारपासून."

"मग शुक्रवारी का नाही सांगितलंत?"

खाली नदी गढूळ वाहत होती. आयुष्यभर जिभेला धार लावून ठेवलेली, आणि नेमक्या वेळी एक वाक्य सापडेना.

"चूक लपवायची नव्हती मला," शेवटी म्हटलं. "मला... एकच दिवस आणखी हवा होता. सांगितलं की तुम्ही जाणार, असं वाटलं. आणि तुम्ही गेलात की मला दोनला दार उघडायचं काही कारण राहणार नव्हतं."

तो माझ्या समोर येऊन उभा राहिला, पावसात, छत्रीच्या बाहेर.

"जूनमध्ये मला तिकडे कुणी बोलवत नाही आता," तो म्हणाला. "इथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला माणूस हवाय, कालच विचारून आलो. खांदेकऱ्यांवर लिहायचंय. बाबा सांगणार, तुम्ही वाचणार, मी शिकणार. पुस्तकावर तुमचं नाव आधी. आणि तुम्ही जे केलंत त्याबद्दल, नोहेमी, मी तुमचे किती, किती —"

"ते नको," मी म्हटलं.

"काय नको?"

"आभार. आभार परक्यांचे मानतात. दुकानदाराचे मानतात, पत्ता सांगणाऱ्याचे मानतात. घरच्या माणसाचे मानत नाहीत. मला तुमचे आभार नकोत. मला तुम्ही हवे आहात. आता तुम्ही ठरवा, मी परकी की घरची."

त्याने तोंड उघडलं. आभार मानायची जन्मभराची सवय, लहानपणी आईने लावलेली, ती काही अशी सुटते का? शब्द ओठापर्यंत आलेला मला स्पष्ट दिसला.

त्याने तोंड मिटलं. छत्रीखाली आला. कपाळ माझ्या कपाळाला टेकवलं आणि तसाच उभा राहिला, एकही अक्षर न बोलता.

दोन केव्हाच वाजून गेले होते. तो मानत नव्हता म्हणून त्याच्या वाटचे आभार मीच मनातल्या मनात मानून टाकले, एकेकाचे, सावकाश. कागदावर मथळा लिहायचा कंटाळा केलेल्या त्या कारकुनाचे. त्या सोळा खांद्यांचे. आणि नेब्रास्कातल्या त्या बाईचे, जिने आपल्या मुलाला दुसऱ्यांची चौकशी करायला शिकवलं.